राखण गावाची, दामही गावाचे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावासाठी आपण अनेकदा रस्त्यावर आलो. आज बोलायचं आहे ते ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपल्यापैकी कुणाचंच नाव नाही तिच्याबद्दल. गावाची ई-क्लास, नाला, पांदण, डोंगर. गुरं तिथं चरतात, सरपण तिथून येतं, विहिरीचं पाणी तिथं मुरतं. सरकार म्हणतं जमीन आमची, म्हणून गाव राखत नाही. आणि सरकारच्यानं राखणं होत नाही. मग ज्याच्या हाती कुऱ्हाड त्याचं झाड, ज्याच्या दारी ट्रॅक्टर त्याचं कुरण!

गावकऱ्यांना अक्कल नाही म्हणून हे होतं, असं साहेब लोक सांगतात. आम्हाला ते मान्य नाही. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. मेळघाटच्या पायथ्याचं आदिवासी गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्याला १९२ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. कागदावर जंगल, डोळ्यांना उजाड टेकड्या. परतवाड्याची ‘खोज’ संस्था सोबतीला होती, पण नियम ग्रामसभेनं केले: मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद, आग बंद. रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली. डोंगरातली सीताफळं गावानंच निवडून, डब्यांत भरून मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली गावाला देशपातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

माणसं तीच, डोंगर तोच. नियम करण्याचा अधिकार आणि मालाचे दाम, दोन्ही गावाच्या हाती आले, एवढाच फरक. दामाशिवाय राखण म्हणजे वेठ. नियमाशिवाय दाम म्हणजे लूट.

दर्यापूर-मूर्तिजापूरकडचे भाऊ म्हणतील, आमच्याकडे डोंगर कुठं? खरं आहे. पण खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. गोडं पाणी काय ते पावसाचं. एकानं नाला बुजवला तर दहा जणांची शेतं खरडतात. तो नाला एकट्याचा कसा?

ई-क्लासचंही तेच. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह खटल्यात सांगितलं. मात्र भूमिहीनांचा अपवाद त्याच निकालात आहे. तेव्हा दोन एकरांवर पोट भरणाऱ्याला आधी उठवायचं आणि वीस एकर दाबणाऱ्याला चहा पाजायचा, हे आपल्या गावात चालू द्यायचं नाही. चराई बंद केली की पहिला मार शेळीवाल्या बाईला बसतो. म्हणून कापून नेण्याच्या चाऱ्यावर पहिला हक्क तिचा.

आपापल्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या.

१. ई-क्लास आणि नाल्यांची मोजणी मागून शीव कायम करू.
२. चारा, पाणी, सरपणाचे नियम बायाबापड्यांसह सर्वांसमोर ठरवू.
३. उत्पन्नाचा हिशेब दरवर्षी चावडीवर वाचू.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी सामूहिक वनहक्काचा दावाही दाखल करावा. तो सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. त्यासाठी कुणाच्या दारी हात जोडायला नकोत.

घामाचे दाम आपण मागतोच. आता राखणीचेही दाम मागू, आणि त्यासाठी आधी राखून दाखवू.