गुलाबावरचे काळे ठिपके

पावसाळ्यात कुंडीतल्या गुलाबाची खालची पानं नीट निरखा. फाटक्या झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके, भोवती पिवळेपणा. हात लावताच पान गळून पडतं. ही बुरशी. पान सलग ७ तास ओलं राहिलं की ती रुजते, शिंतोड्यांबरोबर वर चढते. म्हणून पाणी सकाळी, बुंध्याशीच घाला. डागाळलेली पानं, गळालेलीसुद्धा, वेचून कचऱ्यात टाका, खतात नको. कुंड्यांमधून वारा खेळू द्या. बाल्कनीतल्या चार-दोन झाडांना बहुधा एवढं पुरतं. नाहीच आटोक्यात आलं, तर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळून, हातमोजे घालून, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. डागाळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. नवी पालवी स्वच्छ येतेय का, तेवढं पाहा.