कलम 64-अ घरात माहीत हवं

अमली पदार्थांच्या टोळ्या म्हटलं की मेक्सिको आठवतं. डिसेंबर 2006 मध्ये तिथल्या सरकारनं टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं. रक्तपात थांबला नाही, वाढतच गेला. पण हा धंदा आता आपल्या जालन्याच्याही शेजारी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या एमआयडीसीत छापे घातले. कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन मिळून 250 कोटींहून अधिक किमतीचा माल सापडला. मेफेड्रोन, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात ते, रसायनांपासून बनतं. त्याला अफूचं शेत लागत नाही.

विकणाऱ्यांवर छापे पडतात, पण व्यसनात अडकलेल्याचं काय? पोर्तुगालनं 2001 मध्ये अमली पदार्थांचा स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून वगळलं. विक्री गुन्हाच ठेवली. आपला 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा, सेवनालाही शिक्षा देतो. मात्र त्यातल्याच कलम 64-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यातली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. पोलीस पोराला धरतील या धास्तीनं आईवडील गप्प राहतात, तेव्हा उपचाराची वेळ निघून जाते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे 14446.