संगणकावरचा घरगुती रोजमेळ

बीड, अंबाजोगाई, परळी अशा गांवांतील ज्या घरांत गेल्या शतकाच्या अखेरीस संगणक आला आणि त्याच्या पाठोपाठ मोडेम आला, त्या घरांत दर दोन महिन्यांनीं एक धास्तीचा दिवस उगवत असे. तो टेलिफोनच्या बिलाचा. वाण्याची उधारी चोपडींत दिसते, दुधाच्या खाड्यांची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरावर करतां येते आणि विजेचा मीटर तर दारांतच टांगलेला असतो. टेलिफोनची गोष्ट निराळी. त्याची तार घराबाहेर पडली कीं मोजणी व्हावयाची ती दूर एक्स्चेंजमध्यें, आणि घरीं यावयाचा तो केवळ शेवटचा आंकडा. मुलगा म्हणे, "मी रोज थोडाच वेळ बसतों." वडील बिलाकडे बोट दाखवीत. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असत, आणि दोघांच्याही हातीं पुरावा कांहीं नसे. या वादांतून सुटण्यासाठीं ज्या लहानशा आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्राम, घरगुती संगणकांवर वापरांत आले, त्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे.

विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांतील सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुलें केलें, तें प्रथम मोठ्या शहरांत. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवांना तें मागाहून मिळालें, आणि मिळालें तें टेलिफोनच्या तारेवरूनच. त्यामुळें खर्चाला दोन तोंडें फुटलीं. इंटरनेटचे तास आगाऊ विकत घ्यावयाचे, हें एक. आणि ते तास वापरतांना टेलिफोनवर जो कॉल चालू राही त्याचे पैसे निराळे भरावयाचे, हें दुसरें. ज्या गांवाहून सेवाकेंद्राला स्थानिक दरानें फोन लागत नसे, तेथें हा कॉल एस. टी. डी. च्या दरानें पडे. अमेरिकेंतील बहुतेक घरांना ही अडचण ठाऊक नव्हती, कारण तेथें स्थानिक टेलिफोन ठराविक मासिक रकमेंत हवा तितका वापरतां येई. शिवाय अमेरिका ऑनलाइन या तेथील मोठ्या कंपनीनें डिसेंबर १९९६ मध्यें तासांची मोजणीच सोडून देऊन दरमहा १९.९५ डॉलर घेण्यास आरंभ केला. युरोपांत आणि भारतांत मात्र स्थानिक कॉललाही मिनिटांचा हिशेब असे. म्हणून खर्च मोजणाऱ्या प्रोग्रामांची गरज या बाजूला अधिक भासली.

ही मोजणी मिनिटामिनिटानें होत नसे, ठोक्यांनीं होई. टेलिफोन खात्याच्या भाषेंत ठोक्याला पल्स म्हणत. १९९९ सालीं नियामक प्राधिकरणाच्या नव्या दरपत्रकानें स्थानिक कॉलचा ठोका पांच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणला. दोन मिनिटांचा हा फरक बोलणाऱ्याला फारसा जाणवला नसेल. इंटरनेटवर बसणाऱ्याला तो चांगलाच जाणवला. पूर्वीं तासाला १२ ठोके पडत, ते आतां २० पडूं लागले. ठोक्याला १ रुपया २० पैसे धरले तर एका तासाचे २४ रुपये होतात, आणि रोज एक तास बसणाऱ्याचे महिन्याचे ७२० रुपये होतात. यांत विकत घेतलेल्या तासांची किंमत धरलेलीच नाहीं.

त्यांतही एक मख्खी होती. ठोका सुरू झाला कीं तो संपूर्ण आकारला जाई. चार मिनिटांच्या कॉलला दोन ठोके पडत. तार खराब असली आणि जोडणी मिनिटाभरांत तुटली, तरी तीन मिनिटांचा आकार लागे. अशा सहा खटपटी केल्या तर सहा मिनिटांच्या वापराला अठरा मिनिटांचे पैसे द्यावे लागत. पावसाळ्यांत तारा ओल्या झाल्या म्हणजे अशा खटपटी कराव्या लागतच. बसलेला वेळ आणि द्यावयाचे पैसे यांचें प्रमाण सरळ नव्हतें तें या कारणानें, आणि म्हणूनच घड्याळाकडे पाहून केलेला अंदाज चुके.

आतां प्रोग्रामानें करावयाचें काय, तें पाहिलें तर काम अगदीं लहान आहे. जोडणी लागली कीं संगणकांतील घड्याळाची वेळ टिपून ठेवावी. जोडणी सुटली कीं पुन्हां टिपावी. मधल्या सेकंदांना ठोक्याच्या सेकंदांनीं भागावें, उरलेल्या अपूर्णांकाचा एक पूर्ण ठोका धरावा, दरानें गुणावें आणि ती रक्कम तारखेसह एका फाइलींत शेवटीं जोडावी. बेसिक भाषा शिकलेला शाळकरी मुलगा हें पन्नासएक ओळींत लिहूं शकेल. पडद्याच्या कोंपऱ्यांत रिक्षाच्या मीटरप्रमाणें रुपये वाढतांना दिसत राहावेत, एवढी सोय केली म्हणजे बसणाऱ्याचा हात आपोआप आवरतो. पत्र आधीं लिहून ठेवावें व मग जोडणी लावून धाडावें, ही शिस्त पुष्कळांना त्या वाढत्या आंकड्यानेंच लागली.

काम अवघड होई तें दर बदलतांना. नव्वदच्या दशकांत एस. टी. डी. चे दर दिवसाच्या प्रहरांप्रमाणें निराळे असत आणि रात्रीं ११ नंतर पाव दर लागे. त्या वेळीं बूथांसमोर लोकांच्या ज्या रांगा लागत, त्या अनेकांना अद्याप आठवत असतील. समजा, कॉल १० वाजून ५० मिनिटांनीं सुरू झाला आणि ११ वाजून २० मिनिटांनीं संपला. अशा वेळीं आरंभाचा दर सबंध कॉलला लावला तर हिशेब फुगतो, अखेरचा लावला तर आटतो. प्रोग्रामानें कॉल मधोमध चिरून दोन दर लावावयास हवेत. ज्याला ही गोष्ट सुचली नाहीं, त्याचा प्रोग्राम दिवसा बरोबर आणि रात्रीं चूक चाले. स्वस्ताईसाठीं वापर रात्रींच अधिक होत असल्यामुळें ती चूक लहान नव्हती.

या कामाचा एक नमुनेदार मासला म्हणजे लिनक्सवरील केडीई या सामग्रींत असलेला केपीपीपी नांवाचा प्रोग्राम. तो मोडेमनें जोडणी लावून देई आणि हवा असल्यास तिचा खर्चही मांडी. त्याच्या कर्त्यांनीं दर प्रोग्रामाच्या पोटांत पुरले नाहींत. दरांसाठीं एक साधी मजकुराची फाइल वेगळी ठेवली. अमुक वारीं, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, इतक्या सेकंदांना इतके पैसे, अशा ओळी तींत लिहावयाच्या. दर बदलले तर ग्राहकानें ओळ बदलावी, प्रोग्राम तसाच राहतो. सुट्ट्यांचीही त्यांत व्यवस्था होती, पण ती युरोपच्या पंचांगाची. ईस्टरचा दिवस प्रोग्राम स्वतः काढी आणि त्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांना निराळा दर लावूं शके. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट अशा ठरलेल्या तारखाही लिहितां येत. तिथीवर चालणारी दिवाळी मात्र त्या नियमांत बसत नसे. ती दरवर्षीं पंचांग पाहून हातानेंच घालावी लागली असती. हिशेब कोणत्या देशांत लिहिला गेला, तें अशा ठिकाणीं दिसून येतें.

असा रोजमेळ ठेवला म्हणजे बिल त्याच्याशीं तंतोतंत जुळे काय? बहुधा जुळत नसे. मोडेम किंचाळत असतांना, म्हणजे नांव व परवलीचा शब्द मान्य होण्यापूर्वींच, एक्स्चेंजच्या दृष्टीनें कॉल सुरू झालेला असे. प्रोग्रामाचें घड्याळ पुष्कळदां त्यानंतर चालूं लागे. त्यामुळें घरची बेरीज बिलापेक्षां थोडी कमीच येई. अशा कागदावर बिल रद्द करून मागतां येत नव्हतें. पण ८०० आणि ८५० यांतला फरक समजण्यासारखा असतो, ८०० आणि २,००० यांतला नसतो. घरीं नोंद असली तर ग्राहकाला निदान कोणत्या आठवड्याबद्दल विचारावयाचें तें ठाऊक असतें, आणि बापलेकांचा वाद तर तेथेंच मिटतो.

वही कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न बीड जिल्ह्याला संगणकामुळें प्रथमच पडला असें नाहीं. या जिल्ह्यांतून दर हंगामांत लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथें 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती तोडलेल्या टनांतून फेडावयाची, असा व्यवहार आहे. किती फिटली आणि किती उरली, हें बहुधा मुकादमाच्या वहीवरूनच कळतें. तोडलेल्या उसाची स्वतःची नोंद ज्या जोडप्याकडे नाहीं, त्यानें बाकी निघाली असें ऐकलें कीं पुढच्या वर्षाचा कोयता उचलावयाचा. टेलिफोनचें बिल आणि उचलीची बाकी यांची बरोबरी होऊं शकत नाहीं. एकांत शे-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे, दुसऱ्यांत सबंध वर्षाच्या श्रमाचा. पण ज्याची मोजणी त्याचाच शब्द अखेरचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

१४ जानेवारी २००५ रोजीं भारत संचार निगमाची डेटावन नांवाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि मोजमापच पालटलें. मिनिटांची जागा मेगाबाइटांनीं घेतली. जोडणी दिवसभर चालू राहिली तरी चालेल, पण मर्यादेपलीकडे उतरविलेल्या दर मेगाबाइटाला आकार लागे. तिच्या 'होम ५००' या योजनेंत पहांटे २ ते ८ वापर अमर्याद असे. त्यामुळें कित्येक घरांत संगणक दोनला आपोआप जागा व्हावा आणि आठच्या आंत झोपावा, अशी तजवीज केलेली असे. संगणकाचें घड्याळ पांच मिनिटें पुढें असलें तर तीं पांच मिनिटें पैशांचीं ठरत.

मेगाबाइटांची मोजणी मिनिटांहून फसवी आहे. डीयू मीटर किंवा लिनक्सवरील व्हीएनस्टॅट यांसारखे प्रोग्राम संगणकाच्या जोडणींतून किती बाइट गेले-आले याचे आंकडे ठेवतात. व्हीएनस्टॅटमध्यें महिना कोणत्या तारखेपासून मोजावा हेंही सांगतां येतें. बिलाचा महिना १ तारखेस सुरू होत नसेल तर ही सोय फार उपयोगी पडते. पण घरांत दोन संगणक असले तर एकावरच्या प्रोग्रामाला दुसऱ्याचा वापर दिसत नाहीं. उलट, एका संगणकावरून दुसऱ्यावर घरच्या घरीं लग्नाचा चित्रपट पाठविला तर साधा प्रोग्राम तोही हिशेबांत धरतो, आणि कंपनीला त्याचा पत्ताही नसतो. गिगाबाइट म्हणजे १००,००,००,००० बाइट कीं १०७,३७,४१,८२४, यावरही एकमत नाहीं. नुसत्या या व्याख्येनें सात टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेटचे दर इतके उतरले कीं बाइटांची चिंता पुष्कळ घरांनीं सोडून दिली. मोजणारा प्रोग्रामही वेगळा आणावा लागत नाहीं. २०११ च्या अँड्रॉइड ४ पासून तो फोनमध्येंच बसविलेला येतो. कंपनीचा हिशेब याहून निराळा असूं शकतो, अशी जुनी कबुली तो देतोच. आतांचा घोळ दिवसांचा आहे. २८ दिवसांचें रिचार्ज हा महिना नव्हे; वर्षांत तें बारा नव्हे, तेरा वेळां भरावें लागतें. या तक्रारींवरून नियामक प्राधिकरणानें जानेवारी २०२२ मध्यें आदेश काढला, कीं प्रत्येक कंपनीनें ३० दिवसांची निदान एक योजना आणि दरमहा त्याच तारखेस नूतन होणारी निदान एक योजना ठेवावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा एक फोन फडावर असतो आणि दुसरा घरीं, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ ठेवलेल्या मुलांपाशीं. त्या घराला या तेराव्या रिचार्जचें वजन शहरापेक्षां जास्त कळतें. तें संपलें कीं मुलांचा आवाज बंद होतो.

शहरांतील घरांत खर्च आतां दुसऱ्याच वाटेनें जातो. चित्रपटांची एक सेवा, गाण्यांची दुसरी, छायाचित्रें सांठविण्याची तिसरी, मुलांच्या शिकवणीची चौथी. प्रत्येकीचे पैसे खात्यांतून परस्पर वळते होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी परस्पर वसुली करण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं ग्राहकास सूचना द्यावी लागते. सूचना येते, पण ती इतर पन्नास संदेशांच्या गर्दींत येते. येथें बाइट मोजणारा प्रोग्राम निरुपयोगी आहे, कारण वापरा अगर न वापरा, रक्कम तीच. कोष्टकाच्या साध्या प्रोग्रामांत पांच रकाने आंखले तर काम भागतें: सेवेचें नांव, रक्कम, वसुलीची तारीख, घरांत ती कोणासाठीं घेतली, आणि शेवटची केव्हां वापरली. पहिले चार रकाने बँकेच्या उताऱ्यावरून व घरच्यांना विचारून एका बैठकींत भरतां येतात. पांचवा मात्र दर महिन्याला नव्यानें भरावा लागतो.