रक्षणाचा शब्द
शहाजीराजांच्या जहागिरीतील या बंगळूरात, बेळ्ळंदूरच्या सभागृहात, पानिपताचे स्मरण बोधासाठी करावे.

१७५२ साली वजीर सफदरजंगाच्या मध्यस्थीने झालेल्या अहदनाम्यान्वये मराठ्यांनी दिल्लीच्या बादशहाच्या रक्षणाची हमी घेतली. मोबदल्यात ५० लाख रुपये आणि पंजाब-सिंधची चौथाई ठरली. परंतु बादशाही खजिना रिता होता व पंजाब अब्दालीस आधीच देऊन टाकला होता. रक्षिताचे वैरी तेवढे मराठ्यांच्या वाट्यास आले. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच सफदरजंगाचा पुत्र शुजाउद्दौला अब्दालीच्या पक्षात उभा होता.

दुसऱ्याच्या रक्षणाचा शब्द देणाऱ्याने, आपल्या संकटात कोण धावून येईल, हे आधी पाहावे. शब्द दरबाराने दिला. तो पाळताना गावोगावचे तरुण धारातीर्थी पडले.