प्रेअरीतील तीन दिवस



प्रेअरी, पंपास, स्टेप, सॅव्हाना ही नावे आपण सर्वांनी शाळेत घोकलेली आहेत. भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत ‘प्रेअरी म्हणजे गव्हाचे कोठार’ एवढे लिहिले की गुण मिळत, आणि तेथेच आपला त्या मुलखाशी असलेला संबंध संपे. आमचाही तो तसाच संपला होता. कॅनडातील कॅल्गरी शहरी नोकरीनिमित्त राहणारे आम्ही चौघे मित्र. सुट्टी लागली की गाडी पश्चिमेस रॉकी पर्वताकडे वळवावयाची, हा आमचा शिरस्ता. पूर्वेकडे पाहण्यासारखे काय आहे असे विचारले, तर “काही नाही” हेच उत्तर मिळे. २०१८ च्या मे महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी आली. शनिवार १९, रविवार २० आणि सोमवार २१ असे तीन दिवस हाताशी होते. तेव्हा हे ‘काही नाही’ एकदा पाहून यावे असे आम्ही ठरविले. त्या प्रवासाची हकिकत, आणि तिच्यातून आमच्यापुढे उभा राहिलेला एक प्रश्न, आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा होता. मेडिसिन हॅट मागे पडले, आल्बर्टा प्रांत संपून सस्कॅचेवान लागला, आणि पाहता पाहता डोळ्यांना धरावयास काही उरले नाही. डोंगर नाही, झाड नाही. अर्धे जग जमीन, अर्धे आभाळ. दूरवर धान्याची एखादी उंच कोठी दिसे. आता आलीच असे वाटे, आणि पंधरा मिनिटे गाडी धावली तरी ती तेथेच! रेल्वेच्या कडेने उभ्या असलेल्या या लाकडी कोठ्या १९३० च्या सुमारास कॅनडाच्या प्रेअरीत पाच हजारांहून अधिक होत्या. घोडागाडीने धान्य घालून शेतकऱ्याला दिवसाच्या आत घरी परतता यावे, अशा बेताने त्या बांधल्या गेल्या. आता बहुतेक पाडल्या आहेत, आणि त्यांच्या जागी मोजकी काँक्रीटची प्रचंड कोठारे आली आहेत. कोठी गेली तेथे पुष्कळदा गावही गेले.

या मुलखातले रस्ते पाहून प्रथम मौज वाटते. सारे उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम, जणू कोणी पट्टी घेऊन आखले आहेत. खरोखरच ते तसे आखले आहेत. सरकारने साऱ्या भूमीचे मैल-मैल लांबीरुंदीचे चौरस पाडले. १८७२ च्या कायद्याने अशा चौरसाचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, दहा डॉलर शुल्क भरून वसाहत करणाऱ्यास मिळे. मात्र तेथे तीन वर्षे राहून जमीन कसावी लागे. पृथ्वी पडली गोल, आणि चौकोन कागदावरचे. उत्तरेकडे जाऊ लागले की रेखावृत्ते जवळ येतात. म्हणून ठरावीक अंतरावर सरळ चाललेला रस्ता एकदम बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. आमचा सारथी अशा एका वळणावर चांगलाच दचकला. निसर्गाने कागदावर केलेली ती दुरुस्ती आहे, हे आम्हांस मागाहून कळले.

दुपारी स्विफ्ट करंट या लहानशा गावी जेवलो. १९३० नंतरच्या दशकात या भागात अवर्षण पडले, पिके गेली, मातीच्या वादळांनी दिवसा अंधार केला. डॉक्टरला द्यावयास शेतकऱ्याजवळ पैसा नव्हता, आणि शेतकऱ्याजवळ पैसा नाही म्हणून डॉक्टर गावात टिकत नव्हता. त्या अनुभवातून शहाणे होऊन या टापूतील लोकांनी १९४६ साली स्वतःवर कर बसवून सर्वांसाठी डॉक्टर आणि रुग्णालय यांची सोय केली. प्रांताचे मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांच्या सरकारने १९४७ मध्ये साऱ्या प्रांतासाठी रुग्णालयाचा विमा आणला. १९६२ मध्ये डॉक्टरांच्या सेवेचाही विमा आला. त्याविरुद्ध डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला, तरी योजना टिकली आणि पुढे देशभर पसरली. ओसाड म्हणविल्या गेलेल्या मुलखाने देशाला दिलेले हे दान लहान नाही.

रात्री दक्षिणेस व्हॅल मरी या खेड्यात उतरलो. रविवारी सकाळी जवळचे ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान पाहावयास गेलो. येथे नांगर न लागलेली प्रेअरी अजून शिल्लक आहे. सस्कॅचेवानमध्ये अशी मूळ गवताळ जमीन आता एक-पंचमांशही उरलेली नाही. दिसावयास हे गवत पोटरीएवढेसुद्धा नाही. परंतु त्याचा मोठा भाग जमिनीखाली असतो. त्यामुळे वणवा, अवर्षण आणि बर्फ हे सारे सोसून ते पुन्हा उगवते. प्रेअरी डॉग नावाचा मुंगसाएवढा प्राणी, ज्याच्या रानटी वसाहती कॅनडात फक्त येथेच आहेत, बिळाच्या तोंडाशी उभा राहून आमच्या नावाने ओरडत होता. आणि मग गवे दिसले. आपल्याकडचा गवा नव्हे. हा बायसन, खांद्यावर वशिंडाएवढा उंचवटा आणि दाढीवाला. एके काळी या खंडात त्यांची संख्या कोट्यवधी होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते जवळजवळ नामशेष झाले. येथे दिसतात ते २००५ च्या डिसेंबरात दुसऱ्या उद्यानातून आणलेल्या ७१ जनावरांचे वंशज.

बायसन गेला तो एकटा गेला नाही. क्री, असिनिबॉइन, ब्लॅकफूट अशा मूळच्या लोकांचे अन्न, वस्त्र आणि तंबू त्याच्याच देहातून येत. १८७४ मध्ये फोर्ट कॅपेल येथे त्यांच्यापैकी काहींशी सरकारने चौथा करार केला. पुढे बायसन संपल्यावर भुकेल्या लोकांचा शिधा अडवून त्यांना राखीव वसाहतींत जाण्यास भाग पाडले. लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर १८७७ मध्ये सिटिंग बुल आपल्या माणसांसह येथून पूर्वेस वुड माउंटन भागात आश्रयास आला. त्यालाही उपासमारीनेच १८८१ मध्ये परत जावे लागले. प्रांताची राजधानी रेजायना, म्हणजे राणीची नगरी. तिचे क्री भाषेतील जुने नाव ‘जेथे हाडांची रास आहे ती जागा’ अशा अर्थाचे आहे. ज्या राणीच्या वाढदिवसाची सुट्टी आम्ही उपभोगीत होतो, तीच ही राणी. ‘काही नाही’ हे उत्तर किती जणांना पुसून तयार झाले होते, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले.

संध्याकाळी आमची फजिती झाली. जवळची वाट म्हणून आम्ही मातीच्या रस्त्याने निघालो, आणि पावसाची जोराची सर आली. ती माती ओली झाली की साबणासारखी निसरडी होते आणि खळीसारखी चिकटते. गाडी चरात गेली. तासाभराने एक वयस्क शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला व त्याने आम्हांस ओढून काढले. पैसे पुढे केले, तर तो हसला. “पाऊस आणलात, तेवढे पुरे,” म्हणाला. पेरणीचे दिवस होते. त्याचे साठ फूट रुंदीचे पेरणीयंत्र शेतात थांबले होते. काय पेरता, असे विचारल्यावर त्याने मूठभर बी आमच्यापुढे धरले. ती मसूर होती!

आमच्या आमटीतली मसूर येथून येते हे आम्हांस ऐकून ठाऊक होते. पण ती मूठ पाहून चौघेही गप्प झालो. १९७० च्या सुमारास येथे गव्हाचे ढीग पडून राहिले, तेव्हा सस्कॅचेवान विद्यापीठाने दुसऱ्या पिकांचा शोध सुरू केला. आल्फ्रेड स्लिंकार्ड या शास्त्रज्ञाने येथल्या हवेला मानवणाऱ्या मसुरीच्या जाती काढल्या. ‘लेअर्ड’ ही जात १९७८ मध्ये आली. डाळवर्गीय पीक हवेतला नत्र जमिनीत आणते, हा त्याचा दुसरा लाभ. पुढे हा प्रांत मसुरीच्या निर्यातीत जगात अग्रेसर झाला.

शेतकरी म्हणाला, “गेल्या हंगामाची मसूर अजून कोठीत आहे. तुमच्या देशाने डिसेंबरात तीस टक्के कर बसविला.” खरेच होते, २०१७ च्या डिसेंबरात भारताने हरभरा आणि मसूर यांवर तो कर बसविला होता. आमच्यातील एक मित्र लातूरकडचा. तो म्हणाला, “माझ्या वडिलांची तूर २०१७ मध्ये खरेदी केंद्राबाहेर आठ दिवस पोत्यांत पडून होती. हमीभाव ५०५० रुपये. शेवटी व्यापाऱ्याला चार हजारांना घातली.” मग दोघे बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर आकडेमोड करू लागले. सेंटाचे रुपये, पौंडाचे क्विंटल झाले, आणि निष्पन्न इतकेच की दोघांचेही कर्ज तसेच होते.

श्रोतेहो, येथे बाजू कोणाची घ्यावी? २०१६ च्या शेतगणनेत सस्कॅचेवानचे सरासरी शेत १७८४ एकरांचे होते. महाराष्ट्रातले साडेतीन एकरांच्याही आतले आहे. आमच्या मित्राच्या वडिलांना संरक्षण हवे, याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु २०१५ मध्ये डाळ महागली, तेव्हा शहरातल्या आपणच ओरड केली. आयात वाढली, आणि चढा भाव पाहून आपल्या शेतकऱ्यांनीही तूर अधिक पेरली. पीक महामूर आले, भाव कोसळला, आणि मग दार बंद झाले. पुढेही हा कर वर-खाली होत राहिला. पेरणी एका ऋतूत होते आणि धोरण दुसऱ्या ऋतूत बदलते, ही खरी व्याधी आहे. कर असावा की नसावा हा वाद जाणत्यांनी करावा. पण तो किती आणि किती दिवस, हे पाभर शेतात जाण्यापूर्वी कळावे, एवढे मागणे लातूरचे आणि व्हॅल मरीचे एकच होते.

सोमवारी आम्ही परतलो. मित्राने वाटेत गाडी थांबवून वडिलांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. इकडची जमीन कशी आहे, असे वडिलांनी विचारले असावे. कारण तो बराच वेळ मातीविषयी बोलत होता. मग त्याने आम्हांस सांगितले की, यंदा अर्ध्या रानात तूर आणि अर्ध्यात सोयाबीन घालावे की काय, याचा निर्णय वडील अजून करू शकलेले नाहीत.

मृग तोंडावर आला होता, आणि त्यांना सल्ला देण्याइतके शहाणपण आम्हां चौघांपैकी कोणाजवळही नव्हते. आज घरी गेल्यावर आपल्या पानात जे वरण किंवा आमटी येईल, तिच्यामागे अशी न सुटलेली गणिते दोन्हीकडे पडलेली असतात, एवढे आपण ध्यानात ठेवावे.