तीन देश, एक परवाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पर्यटकांच्या व्हिसाचे नियम हा समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने सिंह पाहावयास जावे की हत्ती, याची चिंता श्रमिकांच्या पक्षाने कशाला वाहावी? परंतु सीमा ओलांडण्याची मुभा राज्यसंस्था कोणाला देते, किती सहज देते आणि कोणत्या किमतीला देते, यावरून तिचे वर्गचरित्र जितके उघड होते तितके तिच्या जाहीरनाम्यांवरून होत नाही.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांनी २०१४ साली पर्यटकांसाठी संयुक्त व्हिसा सुरू केला. शुल्क १०० डॉलर, मुदत ९० दिवस; त्या मुदतीत तिन्ही देशांत हवी तितक्या वेळा ये-जा करता येते. अर्ज संगणकावरून होतो, वकिलातीच्या दारात ताटकळावे लागत नाही. सोय खरीच आहे; तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र नियमांचे बारीक अक्षरही वाचले पाहिजे. ज्या देशात पहिले पाऊल टाकावयाचे त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. युगांडाकडून व्हिसा घेऊन प्रथम नैरोबीस उतरलेला प्रवासी अडचणीत येतो. तिघांच्या बाहेर पडून कोणी टांझानियात किलिमांजारो पाहून परतू म्हणेल, तर व्हिसा तेथेच संपला; शिल्लक दिवस कितीही असोत. मुदत वाढवून मिळत नाही. आणि या व्हिसावर नोकरी-रोजगार करता येत नाही. खर्च करावयास आलेल्या परक्याला तीन देश मिळून एक. मिळवावयास आलेल्याला तेच तीन देश वेगवेगळे!

भारतीय प्रवाशाने येथे थोडे गणित करावे. रवांडाने २०२० पासून राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना ३० दिवसांच्या भेटीसाठी व्हिसाशुल्क माफ केले आहे, आणि भारत राष्ट्रकुलाचा सभासद आहे. युगांडाच्या साध्या व्हिसाला ५० डॉलर पडतात. केनियाने जानेवारी २०२४ मध्ये व्हिसाच रद्द केल्याची मोठी घोषणा केली आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना आणला. त्याचे शुल्क ३० डॉलर ठरले, वर हाताळणीचा आकार. ही बेरीज शंभरापर्यंत पोचत नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा ये-जा करावयाची नसेल, तर ‘सवलतीचा’ संयुक्त व्हिसा भारतीयाला महागच पडतो. केनियाच्या घोषणेचीही एक गंमत आहे. ज्या आफ्रिकी देशांच्या नागरिकांना तेथे पूर्वी व्हिसा लागतच नव्हता, त्यांच्यातील अनेकांच्या माथी या ‘व्हिसामुक्ती’ने अर्ज आणि शुल्क मारले. पाटी बदलली, खिडकी तीच राहिली. टीका झाली, आणि २०२५ साली बहुतेक आफ्रिकी देशांना या परवान्यातून सूट द्यावी लागली.

आता टांझानियाकडे वळू. हा देश पूर्व आफ्रिकी समुदायाचा संस्थापक सभासद. पण संयुक्त व्हिसाच्या बाहेर राहिला. त्याला हेकट ठरविणे सोपे आहे. मासाई मारा आणि सेरेनगेटी ही एकच माळराने. १८८६ साली इंग्रज आणि जर्मन यांनी आखलेल्या वाटणीच्या रेषेने ती दोन देशांत गेली आणि मासाई पशुपालकांचा मुलूखही दुभागला. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट दरवर्षी ती रेषा कोणाचीही परवानगी न घेता ओलांडतात. त्यांना पाहावयास आलेल्या पर्यटकाला मात्र लांबचा वळसा घालून दुसऱ्या नाक्यावर जावे लागते. कारण १९७७ साली जुना समुदाय मोडला तेव्हा टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, आणि पुढे १९८३ साली ती उघडली तरी या दोन अरण्यांमधील बोलोगोंजाची वाट पर्यटकांना मोकळी झाली नाही.

यामागे नुसता आडमुठेपणा नव्हता. नैरोबीच्या कंपन्यांनी पाहुण्यांना टांझानियाचे वैभव दाखवून आणावे आणि पैसा केनियात ठेवावा, ही टांझानियाची जुनी तक्रार होती. सीमा उघडली म्हणजे समता आली असे होत नाही. हॉटेले, मोटारी आणि विमानतळ ज्याच्या हाती, त्याच्याकडे पाणी वाहत जाते. न्येरेरे यांच्या समाजवादी टांझानियाचे आर्थिक प्रयोग फसले असतील, पण ही शंका खोटी नव्हती. तिच्यावर उपाय म्हणून वाट बंद ठेवणे हे मात्र मासाईंच्या काय, टांझानियाच्याही फारसे कामी आले नाही.

या प्रयोगाची एक बाजू मात्र मनःपूर्वक वाखाणण्यासारखी आहे. ज्या जानेवारी २०१४ मध्ये पर्यटकांच्या संयुक्त व्हिसाचा आरंभ झाला, त्याच महिन्यापासून या तीन देशांच्या नागरिकांनाही केवळ राष्ट्रीय ओळखपत्रावर एकमेकांकडे जाता येऊ लागले. ज्या युगांडाने १९७२ साली आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवस दिले होते, त्याच युगांडाच्या नाक्यावर केनियातील भाजीवाली ओळखपत्र दाखवून पलीकडे जाऊ लागली. पाहुण्यासाठी दार उघडताना घरच्यांना विसरले नाहीत, हे त्या राज्यकर्त्यांच्या पदरात टाकले पाहिजे.

आपल्या उपखंडात काय घडले? भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी संगणकावरील व्हिसा सुरू केला. आरंभी त्यावर एकदाच प्रवेश मिळे. दिल्लीहून काठमांडूस जाऊन परतणाऱ्याला तो पुरत नसे. पुढे ती अट सैल झाली. परंतु दिल्ली, काठमांडू आणि कोलंबो यांना मिळून एक व्हिसा आजही नाही.

सार्कची एक योजना १९९२ साली निघाली. तिच्यात २४ वर्गांतील व्यक्तींना व्हिसावाचून सभासद देशांत जाण्याची सवलत ठरली. हे वर्ग कोणते? संसद सदस्य, वरिष्ठ न्यायालयांचे न्यायाधीश, बडे अधिकारी, उद्योगपती, पत्रकार, खेळाडू. शेतमजूर नाही, विणकर नाही, फाळणीने दोहोंकडे विखुरलेली कुटुंबे नाहीत. पूर्व आफ्रिकेने जे ओळखपत्रधारक सामान्य माणसाला दिले, ते दक्षिण आशियाने मान्यवरांपुरते राखून ठेवले. आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांपुरती तीही योजना बंद केली.

त्या २४ वर्गांत मच्छीमारही नाही. पालघर जिल्ह्यातील आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रावर आखलेली रेषा त्यांना दिसत नाही. पाकिस्तानच्या गस्ती नौकांना दिसते. बोट जप्त होते, खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो, आणि शिक्षा भोगून झाल्यावरही सुटकेची वाट पाहत राहतो. पाकिस्तानी कोळी भारताच्या तुरुंगांत असेच असतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, आणि त्यांत मच्छीमारांची यादी वेगळी असते. पुढच्या यादीच्या वेळी पालघरच्या कार्यकर्त्यांनी किनाऱ्यावरच्या पाड्यांतून फिरून कोणाचा माणूस किती वर्षे आत आहे याची नोंद करावी, आणि ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे व खासदारांकडे जावे.