वाचन की पाठांतर?

(प्राथमिक शिक्षक प्रशिक्षणार्थींसमोर केलेले भाषण)



१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढे पेडणे, डिचोली तालुक्यांतील गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७ टक्के भरली. तथापि शाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाला अक्षराची ओळख नव्यानेच व्हावयाची असते. ती करून देण्याचे कार्य आता आपल्या हाती येत आहे.

येथील बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात. चित्राखालील 'पाणी' हा शब्द मुलाने 'उदक' असा वाचला, तर त्याला रागावू नका. अर्थ त्याला कळला आहे; अक्षरांकडे मात्र त्याने पाहिलेले नाही. दोन्ही शब्द फळ्यावर लिहा, त्यांतील ध्वनी सुटे करून दाखवा. लिपी एकच आहे; अक्षर हे ध्वनीचे चिन्ह होय, हे त्याला उमगेल.

याउलट, एखादे मूल सबंध धडा घडाघडा म्हणते. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. ते अडखळले, तर ते पाठांतर होय, वाचन नव्हे. हे वेळीच ध्यानात आले नाही, तर पुढे सर्वच विषय अडतात आणि दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आहे. म्हणून सरावपाठाच्या काळात केवळ टाचणे व तक्ते यांवर समाधान मानू नका. रोज एका मुलाशेजारी बसा, त्याचे वाचन ऐका, अडलेला शब्द वहीत टिपा. दुसऱ्या दिवशीचा पाठ तेथूनच सुरू करा.

जय हिंद!